द्वारकावहिनींनी इंजिन बदललं नाही

फोन शाळेच्या ऑफिसात आला. मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच मी खडू खाली ठेवला. पलीकडून द्वारकावहिनींच्या मुलीचा, शैलाचा आवाज मधेच तुटत, मधेच जवळ येत होता. "बाई, आई गेली. दापोलीला, दवाखान्यात. सकाळी." मी काय बोलले ते आता आठवत नाही. खेडच्या स्टँडवरून दापोलीची एसटी धरली, तिथून केळशीची, आणि पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ओटीवर बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने सरकून मला जागा करून दिली आणि कानाशी म्हणाली, "हट्टापायी गेली हो बिचारी. छातीत दुखत होतं तर गप पडून राहावं की नाही... स्वतः गाडी चालवीत दापोलीला गेली." मी त्यांना काही बोलले नाही. दुःखाच्या घरी वाद घालायचा नसतो. पण त्याला आता महिना उलटून गेला, आणि तेच वाक्य मी खेडच्या बाजारात ऐकलं, एसटीत ऐकलं, परवा एका लग्नाच्या मांडवात ऐकलं. तेव्हा आता बोलायलाच हवं. द्वारकावहिनी हट्टी होत्या, यात वाद नाही. पण त्यांना बिचारी म्हणणाऱ्यांनी त्यांचा हट्ट कसला होता, एवढं तरी आधी ऐकून घ्यावं.

मी मूळची साताऱ्याकडची. केळशीच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन दापोलीच्या स्टँडवर उतरले, आणि दुपारची केळशी गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली. कोणीतरी म्हणालं, "द्वारकावहिनींची जीप उभी आहे, बघा जागा मिळते का." मी जीपपाशी जाऊन ड्रायव्हर कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. पदर कमरेला खोचलेली एक चाळिशीतली बाई मागच्या फळीला दोर आवळत होती. ती म्हणाली, "बसा की. ड्रायव्हर मीच आहे." अर्ध्या वाटेवर, एका चढणीला, जीप दोनदा खोकली आणि बंद पडली. मुंबईहून गावी निघालेले एक गृहस्थ पुढे बसले होते. ते घड्याळ बघत म्हणाले, "मेकॅनिकला कोणी निरोप देईल का इथून?" वहिनी तोवर खाली उतरून बॉनेट उघडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "द्या की निरोप. आला तर माझ्या हाताखाली घालीन." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, जरा उतरा. हे धरा. हात खराब होतील, पण रिकाम्या तुम्हीच एकट्या दिसताय." त्यांनी माझ्या हातात वाटीसारखं काहीतरी दिलं, त्याच्या तळाला पेट्रोल होतं आणि पेट्रोलात लाल गाळ. तो कार्बोरेटरचा खालचा भाग होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी एक पितळी तुकडा फिरवून काढला, ओठांना लावून जोरात फुंकला, उन्हाकडे धरून त्याच्या भोकातून पाहिलं आणि परत बसवला. "पिंपातलं पेट्रोल. गंज येतो त्यातून." पुन्हा जीप सुरू झाली. ते गृहस्थ पुन्हा घड्याळ बघायला लागले. मी मात्र केळशीला पोचेपर्यंत हाताचा वास घेत होते.

पुढे आमचं जाणं-येणं वाढलं आणि हळूहळू सगळी हकिगत कळली. त्यांचे यजमान बोटीवर होते, इंजिनखात्यात. एका सुट्टीत त्यांनी लष्कराच्या लिलावातली ही जुनी पेट्रोल जीप आणली. गावाला वाटलं, पैसा जास्त झालाय. पण त्यांनी पहिल्या आठवड्यातच बायकोला चाक हातात दिलं. भरती ओसरली की समुद्रकाठची पुळण ओली, घट्ट होते, तिथे शिकवणी चाले. कोणी हसलं तर ते म्हणत, "मी वर्षभर दर्यावर. मग गाडी काय तुळशीभोवती फिरवायची?" चालवण्याबरोबर उघडणंही त्यांनीच शिकवलं. ओटीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, कार्बोरेटर सुटा करायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, पुन्हा जोडायचा. वहिनी सांगायच्या, "पहिल्यांदा जोडला तर एक तुकडा उरला हो हातात. यांनी बघितलं, पण बोलले नाहीत. म्हणाले, चालू कर. चालू झाली नि नुसती गुरगुरायला लागली. दोन दिवस मी शोधत होते, हे माणूस ढिम्म. सापडला तेव्हा म्हणाले, आता विसरायची नाहीस." आणि नाहीच विसरल्या.

पुढच्या की त्याच्या पुढच्या फेरीत ते परदेशातल्या एका बंदरात तापाने गेले. घरी त्यांची पेटी आली, तेवढीच. धाकटे दीर वसंतभाऊ. बागायत तेच बघत. त्यांनी समजुतीने सांगितलं, "वहिनी, जीप विकून टाकू. पैसे शैलाच्या नावाने ठेवू." सल्ला वाईट नव्हता. पण वहिनींनी रत्नागिरीला जाऊन गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली, लायसन काढलं, आणि केळशी-दापोली-खेड अशी भाड्याने गाडी सुरू केली. सुरुवातीला गावातली भली भली माणसं त्यांच्या जीपला हात करीत नसत. विधवा बाईच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचं कसं, हा मोठाच प्रश्न होता म्हणे. पहिली गिऱ्हाइकं आली ती मासे घेऊन निघालेल्या कोळणी. त्यांना वेळेत बाजार गाठायचा होता, चाक कोणाच्या हातात आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यामागोमाग आजारी माणसं आली, मग आंब्याच्या पेट्या, मग आम्ही शिक्षक, आणि दोन-तीन वर्षांत सगळं गाव.

डिझेलचं वारं त्यानंतर आलं. जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल इंजिन बसवायचं, हे तेव्हा आमच्याकडे जिकडेतिकडे चालू झालं होतं. डिझेल पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय गाडी त्यावर जास्त पळते. त्या इंजिनाला कार्बोरेटर नसतो. एक पंप असतो, तो डिझेलला प्रचंड दाब देतो आणि नोझलमधून त्याचा फवारा थेट सिलिंडरमध्ये सोडतो. खेडचे हमीद मिस्त्री या कामात नावाजलेले. त्यांनी वहिनींना स्वतः बोलावून एक बदललेली जीप दाखवली. मीही बरोबर होते. मिस्त्री मनापासून बोलत होते. "वहिनी, मी धंदा करतोय म्हणून सांगत नाही. पेट्रोलवर तुमचा जीव जातोय. तुमच्याच रस्त्यावर उद्या दुसरा डिझेल घालणार, भाडं कमी करणार. मग?"

वहिनींनी बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ पाहिलं. पंपावर बोट ठेवून विचारलं, "हा उघडायचा कसा?"

"हा उघडायचा नाही. त्याला सील असतं."

"बिघडला तर?"

"सहसा नाही बिघडत. बिघडलाच तर काढून चिपळूणला पाठवायचा. तिथे मशीनवर लावून बघतात."

"आणि परत येईपर्यंत?"

मिस्त्री हसले. "तोवर गाडी उभी. पण रोज रोज थोडंच होतं ते, वहिनी? तुमचा कार्बोरेटर तर आठवड्याला तोंड उघडतो."

"उघडतो," वहिनी म्हणाल्या, "पण माझ्यासमोर उघडतो."

आम्ही परत निघालो. त्यांना मिस्त्रीचं म्हणणं पटलं नव्हतं असं समजू नका. आकडेमोड त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती. दापोली मागे पडली तेव्हा म्हणाल्या, "लोक म्हणतात, नवऱ्याची आठवण म्हणून ती हे इंजिन सोडत नाही. आठवण ठेवायला मला लोखंड कशाला हवंय? मला एवढंच दिसतंय, आज गाडी बंद पडली तर मी कोणाची वाट बघत नाही. उद्या हा पंप घेतला की मी मिस्त्रीची वाट बघणार, चिपळूणची वाट बघणार, भाऊजींना म्हणणार जरा जाऊन या हो... तीन पुरुषांच्या हातापाया पडून स्वस्तात गाडी चालवायची, त्यापेक्षा महागात चालवीन." मी गणित शिकवते, तरी त्या दिवशी मला हा हिशोब चुकलाय असं म्हणवेना.

मिस्त्री म्हणाले तसंच झालं. गावातल्याच एकाने डिझेल जीप आणली, भाडं कमी केलं, आणि वहिनींच्या जीपमध्ये जागा रिकाम्या दिसायला लागल्या. वसंतभाऊंना ते बघवेना. माणूस प्रेमळ, पण दुसऱ्याचं भलं त्याला विचारून करावं हे त्यांच्या घरात कोणी शिकवलं नव्हतं. शैलाच्या पहिल्या बाळंतपणासाठी वहिनी मुंबईला गेल्या, आणि आठवड्याभरात मी शाळेच्या खिडकीतून बघते तो जीप खेडच्या दिशेने चाललेली, चाकावर भाड्याचा कोणी ड्रायव्हर, शेजारी वसंतभाऊ. संध्याकाळी त्यांनीच मला हौसेने सांगितलं, "वहिनी येतील तर गाडी डिझेलवर तयार. इसार देऊन आलोय. मनावरचं ओझं जाईल त्यांच्या." मी दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन तार केली. गाडी खेडला गेली, इंजिन बदलतायत. एवढंच लिहिलं. गावात नंतर बाईंनी दिराभावजयीत भांडण लावलं अशी बोलवा झाली. लावलं तर लावलं. आजही तशी वेळ आली तर तीच तार करीन.

वहिनी मुंबईहून थेट खेडला उतरल्या, मीही रजा टाकून तिथे गेले. गॅरेजमध्ये जीप तोंड उघडं टाकून उभी होती, आत नुसता खड्डा. जुनं इंजिन एका कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं, आणि नवं म्हणजे दुसरं, कुठल्यातरी गाडीतून काढलेलं डिझेल इंजिन साखळीला टांगलेलं. वसंतभाऊ आधीच तिथे होते. वहिनींनी पायातल्या चपला काढल्या, जुन्या इंजिनाशेजारी एक टायर आडवा होता त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, ते साखळीवरचं खाली घ्या."

वसंतभाऊ पुढे आले. "वहिनी, अहो तुमच्याच भल्यासाठी..."

"ठाऊक आहे मला, भाऊजी. म्हणून तर तुमच्याशी भांडत नाही. मी मिस्त्रींशी बोलत्ये."

मिस्त्रींनी हात पुसले. "वहिनी, इंजिन ठरलंय. इसार घेतलाय मी. आता उलटं फिरायचं म्हणजे..."

"गाडी कोणाच्या नावावर आहे, विचारलंत?"

मिस्त्रींनी हातातला फडका खाली ठेवला. मग त्यांनी वसंतभाऊंकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात वहिनींनीच सांगितलंय."

वसंतभाऊंचा चेहरा कसनुसा झाला. "मला वाटलं, झाल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत."

"मी नाहीच म्हणते," वहिनी म्हणाल्या. "झाल्यावर म्हटलं असतं, आताही म्हणते. इंजिन जागेवर जाईपर्यंत मी इथून हलत नाही."

आणि त्या हलल्या नाहीत. गॅरेज बंद झालं की माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडे आम्ही टेकायला जायचो आणि उघडायच्या आधी वहिनी दाराशी हजर. मिस्त्री पहिल्या दिवशी चिडलेले होते. येणारेजाणारे दारात उभे राहून बघत होते, कोणी शेरे मारीत होते. एक जण तर म्हणाला, "बायकांनी रुसावं ते घरात." वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तोवर त्यांनी रॉकेलचा डबा मागून घेतला होता आणि टायरवर बसल्याबसल्या कार्बोरेटर उघडून धुवायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्यांच्यासमोर येऊन बसले, पाना पुढे केला, आणि दोघं मिळून इंजिनाचं कायकाय बदलायला झालंय ते बघायला लागली. इसार मिस्त्रींनी वसंतभाऊंना परत केला. त्या जुन्या इंजिनाने गॅरेजमध्ये पहिला आवाज केला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मी अजून म्हणतो, डिझेलच बरं होतं." वहिनी म्हणाल्या, "तुमच्या गाडीला घाला हो." दोघंही हसली.

याचा शेवट वहिनींच्या विजयात झाला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. डिझेल जीपवाल्याचं छान चाललं, त्याने दुसरी गाडी घेतली. वहिनींच्या खेडच्या फेऱ्या बंद झाल्या, मग दापोलीच्याही कमी झाल्या. घरात काटकसर आली. नवी साडी म्हणून काही मी त्यानंतर त्यांच्या अंगावर पाहिली नाही. वसंतभाऊंनी बोलणं टाकलं. एकाच अंगणात दोन चुली, आणि मधे शब्द नाही. मी एकदा विचारलंही, "वहिनी, कधी वाटतं का, घालायला हवं होतं डिझेल?" त्या तांदूळ निवडत होत्या. "पैशाकडे बघितलं की वाटतं की. रोज वाटतं," म्हणाल्या. "मग गाडीत बसते नि वाटायचं थांबतं."

त्यांच्यातला अबोला मोडला तो एका एप्रिलमध्ये. वसंतभाऊ आंबे उतरवताना झाडावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. डिझेलच्या दोन्ही जीपा लग्नाची वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. वहिनींनी मागे गादी घातली, वसंतभाऊंना तिच्यावर निजवलं. त्यांचं डोकं त्यांच्या पत्नीच्या मांडीवर, पाय धरायला मी. भर दुपार, ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता, आणि चढणीवर जीप बंद पडली. उन्हाने पेट्रोलची वाफ झाली की ते कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही, हा पेट्रोल गाडीचा नेहमीचा दोष. वहिनी उतरल्या, पाण्यात फडका भिजवून नळीवर गुंडाळला आणि वाट बघत उभ्या राहिल्या. वसंतभाऊंच्या कपाळावरून घाम गळत होता. दात आवळून ते म्हणाले, "डिझेल असतं तर नसती बंद पडली."

कित्येक महिन्यांत वहिनींशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य होतं.

वहिनी फडक्यावर पाणी ओतत म्हणाल्या, "नसती पडली. खरं आहे तुमचं. पण डिझेलची बंद पडली असती तर मी तुम्हाला इथेच घेऊन बसले असते. आता गप पडा, हलू नका."

वसंतभाऊ हसले. हसताना पाय हलला, कळ आली, ते ओरडले, आणि ओरडता ओरडता पुन्हा हसले. त्यांची बायको रडतही होती आणि हसतही होती. थोड्या वेळाने जीप सुरू झाली. वसंतभाऊंचा पाय बरा झाला, पण ताठच राहिला, आणि त्यानंतर दर संध्याकाळी ते काठी टेकत पलीकडच्या ओटीवरून या ओटीवर चहाला यायला लागले.

त्यानंतर वर्षभरात माझी खेडला बदली झाली. शेवटच्या दिवसाची हकिगत मला वसंतभाऊंनीच सांगितली. छातीत कळ आली तेव्हा दुपार होती. गावात डॉक्टर नव्हते, डिझेलच्या जीपा भाड्याला बाहेर गेलेल्या, आणि वसंतभाऊंना तर गाडी येतच नाही. वहिनींनी त्यांना शेजारी बसवलं आणि निघाल्या. वाटेत दोनदा थांबल्या, चाकावर डोकं टेकलं, पुन्हा निघाल्या. दवाखान्याच्या आवारात झाड बघून जीप सावलीत लावली, किल्ली काढून वसंतभाऊंच्या हातात दिली आणि चालत आत गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. पडून राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या का, मला ठाऊक नाही. हट्टापायी गेली म्हणणाऱ्यांनाही ते ठाऊक नाही. ज्या रस्त्यावर लोक त्यांच्या शेजारी बसायला लाजत होते, तो रस्ता त्यांनी अखेरच्या वेळीही स्वतःच्या हाताने कापला. याचं दुःख करायला मला कोणी सांगू नये. मला ते जमणार नाही.

गेल्या रविवारी केळशीला गेले होते. शैला मुंबईहून आलेली होती. नारळीच्या झापांच्या शेडमध्ये जीप उभी होती आणि एक गिऱ्हाईक तिच्याभोवती फिरत होतं. त्याला नुसती बॉडी हवी होती, इंजिन तो भंगारात घालणार होता. शैला काही बोलायच्या आत वसंतभाऊ म्हणाले, "गाडी विकायची नाही." मग त्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. काठी भिंतीला टेकवून, ताठ पाय हाताने उचलून आत घेत ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि शैलाला म्हणाले, "चल, मला दाखव."

"काका, आता या वयात?"

"दाखव म्हटलं ना."

आईने शिकवलं होतं तसं तिने दाखवलं. चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा. त्यांनी तो जास्तच ओढला, इंजिन पेट्रोलने भिजलं, सगळ्या अंगणात वास सुटला. "आता थोडं थांबावं लागतं," शैला म्हणाली. ते थांबले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. कुंपणापलीकडून कोणीतरी हसलं. वसंतभाऊंनी मान वळवून पाहिलं आणि चोक आत ढकलला. माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी निरोप घेऊन पाणंदीने रस्त्यापर्यंत आले, पिशवी खाली ठेवली. मागून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. विझली. थोडा वेळ नुसता समुद्राचा आवाज... आणि मग पुन्हा घरघर सुरू झाली.